गर्दी वाढतेय, मग गिऱ्हाईक कुठं जातंय? (पंढरपूर आणि इतर देवस्थानांची गावं)

ओट्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

मी पंढरपूरचा. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचं प्रासादिक भांडार आहे. दुकान केवढं, तर जुन्या वाड्याचा ओटा आणि मागं एक खोली. जागा भाड्याची, आजोबांच्या काळापासून. चुरमुरे, बत्तासे, खडीसाखर, खारीक, डाळं, कुंकू, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीच्या माळा. आषाढीला टाळ आणि पताकाही ठेवतो.

बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, "तुमचं काय बाबा, विठोबा बारा महिने गिऱ्हाईक पाठवतोय." विठोबा पाठवतो यात शंकाच नाही. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट ओट्यावर बसून रोज बघतोय आणि ती आत कुठंतरी टोचतेय. माणसं पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि आमच्या दारात कमी थांबतात.

वडील सांगतात, पूर्वी वारकरी एसटीनं किंवा कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीनं यायचा. आला की मठात नाहीतर धर्मशाळेत पथारी टाकायचा. संध्याकाळी चंद्रभागेत पाय धुवायचे, सकाळी स्नान, दर्शन, नगरप्रदक्षिणा, आणि मग हातात पिशवी घेऊन निवांत बाजार. घरी प्रसाद वाटायचा म्हणून चुरमुरे मापानं न्यायचा. आज पुण्याहून पहाटे निघालेली गाडी दहाला इथं येते. मुखदर्शन घेतात, बाराच्या आत गाडी बाहेर, दुपारी अक्कलकोट, संध्याकाळी तुळजापूर. एका दिवसात तीन देव. त्यांची चूक नाही, रजा एकाच दिवसाची असते. पण वाहनतळ ते मंदिर आणि मंदिर ते वाहनतळ एवढीच त्यांची पंढरी. त्या रेषेवर ज्याचं दुकान, त्याचा धंदा. आमच्यासारखे एक वळण आत असलेले दिवसभर माशा हाकतात.

एकादशीचं गणित आणखी वेगळं. आषाढीत दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. वीस-वीस तास उभी राहिलेली म्हातारी माउली बाहेर आली की तिला बाजार दिसत नाही, टेकायला जागा हवी असते. ती आमच्या ओट्यावर टेकते, आम्ही पाणी देतो. विकणं सुचत नाही त्या वेळी.

आता माल कसा भरतो ते सांगतो, म्हणजे धोका कुणाचा ते कळेल. चुरमुरे म्हणजे भट्टीचा माल. भात भिजवायचा, उकडायचा, वाळवायचा, तांदूळ काढून तापल्या वाळूत फोडायचा, चाळायचा. हे करणारी कुटुंबं गावातच आहेत. त्यांच्याकडून आम्ही पोती उधारीवर उचलतो. आषाढ म्हणजे पावसाचा महिना. पोत्याचं तोंड नीट बांधलं नाही किंवा छतातून एक धार आली, की एका रात्रीत चुरमुरे सादळतात. सादळलेला चुरमुरा दातांखाली कापसासारखा लागतो, तो प्रसाद म्हणून कुणाच्या हातावर ठेवायचा? म्हणून आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार यात्रांच्या आधी आमच्या घरात पोत्यांना अंथरूण आणि माणसांना जमीन असते. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, पालख्या माघारी फिरतात. पुढं प्रक्षाळपूजा. चोवीस तास उभा राहून शिणलेल्या देवाला त्या दिवशी विसावा, आणि त्याच आठवड्यात आमचे घाऊकवाले वही घेऊन दारात.

२०२० सालचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १७ मार्चला मंदिर बंद झालं. चैत्री होती ४ एप्रिलला, माल भरून ठेवलेला. त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी. जन्मात पहिल्यांदा आषाढी एकादशीच्या सकाळी आमच्या गल्लीत पाखरांचा आवाज ऐकला. चुरमुरे शेवटी गुरांना घातले. वडील पोती सोडत होते आणि काहीच बोलत नव्हते.

आता कॉरिडॉरची, म्हणजे मंदिराभोवतीची बांधकामं हटवून मोकळी रुंद वाट करायची, चर्चा चालू आहे. काशीचा १३ डिसेंबर २०२१ ला खुला झाला, उज्जैनचा महाकाल लोक ११ ऑक्टोबर २०२२ ला. त्यानंतर पंढरपूरचं नाव आलं आणि मंदिराभोवतीच्या गल्ल्यांची झोप उडाली. मला राजकारण करायचं नाही. इतकंच विचारायचं आहे, तुमच्या गावात देवाला येणारी माणसं वाढली तेव्हा छोट्या विक्रेत्याचं काय झालं? चांगलं झालं असेल तर तेही लिहा.

---

सिंहगड_रोड

दादा, तुमच्या लेखातली पहाटे निघणारी गाडी माझीच आहे. वर्षातून दोनदा आईला घेऊन येतो आणि तुम्ही म्हणता तसाच परत फिरतो. इतक्या वर्षांत प्रदक्षिणा मार्गावर पाऊल टाकलेलं नाही, हे वाचताना लक्षात आलं.

पण एक बाजू माझीही ऐका. गेल्या खेपेस आईनं तुळशीची माळ घेतली. महिन्याभरात रंग उडाला, आत पांढरं लाकूड. विकणाऱ्यानं तुळशीची म्हणून शपथ घेतली होती. देवाच्या दारात असं झालं की माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो. खरी माळ ओळखायची कशी?

---

ओट्यावरचा

आईंची माफी मागतो, माझं दुकान नसलं तरी.

आमच्याकडे काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या माळा करतात. वाळलेल्या तुळशीचं खोड घ्यायचं, काड्या कापायच्या, एकेक मणी कातायचा, भोक पाडायचं, मग १०८ मणी ओवायचे. हातची माळ बघितली तर दोन मणी अगदी सारखे सापडणार नाहीत. लाकडाला मधूनमधून गडद रेघ असते, कुठं बारीक गाठ असते. मणी गोटीसारखे एकजात गुळगुळीत आणि रंग सगळीकडे सारखा असला की जरा थांबा, पाण्यात बुडवून बघा. रंग सुटला तर ती रंगवलेली. मथुरा-वृंदावनकडून यंत्राच्या माळा भारानं येतात, त्यांतल्या काही तुळशीच्याही असतात, पण भावात आमचा कारागीर त्यांच्यापुढं टिकत नाही. दहा मिनिटांत माळ घेऊन पळणाऱ्याला फरक दाखवायला विक्रेत्याकडेही वेळ नसतो. घाईच्या गिऱ्हाइकाला स्वस्त तेच खपतं. त्यातून मणी कातणारे हात कमी होत चाललेत.

---

गुलाबाचा_मळा

मी राहाता तालुक्यातला, शिर्डीच्या अलीकडचा. आमची गोष्ट दुकानाची नाही, शेताची आहे, पण धागा तोच.

शिर्डीला काय नाही आलं? १ ऑक्टोबर २०१७ ला विमानतळ, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा, १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून वंदे भारत. भाविक वाढले, मोठी हॉटेलं वाढली. आणि याच काळात आमची फुलं देवापर्यंत जाईनाशी झाली. करोनात मंदिर बंद झालं, उघडलं तेव्हा हार, फुलं, प्रसाद आत न्यायला बंदी. कारणं खोटी नव्हती. हारांचे भाव वाट्टेल ते लावले जायचे, भाविकांची लूट व्हायची, हे मी शेतकरी असूनही मान्य करतो. पण बंदीचा घाव कुणावर बसला? लुटणाऱ्यानं दुसरा धंदा धरला. मी गुलाबाची झाडं उपटून टाकू शकत नव्हतो. तोडलं नाही तर झाड खराब होतं, म्हणून रोज पहाटे तोडायचं आणि बांधावर टाकायचं. माझी बायको तोडताना रडायची.

शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२४ च्या अखेरीस फुलं पुन्हा सुरू झाली. आता संस्थानच्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीमार्फत ठरलेल्या भावात विक्री होते. शेतकऱ्याला हा रस्ता बरा वाटतो. बाहेर पाटी घेऊन हार विकणाऱ्या बाईला काय वाटतं ते तिला विचारावं लागेल. एका निर्णयानं एकाची चूल पेटते तेव्हा शेजारची विझते का, हेही बघायला हवं.

---

आषाढीची_सिस्टर

मी परिचारिका आहे. वारीत आरोग्य पथकात ड्युटी केली आहे. ओट्यावरचा यांचं दुःख समजतं, तरीही थोडं विरोधात लिहिते. राग मानू नका.

एकादशीच्या रात्री मंदिराजवळच्या गल्लीत एक आजोबा कोसळले. स्ट्रेचर आत जाईना. दोन्ही बाजूंना दुकानांचे ओटे, ओट्यांपुढे मांडलेल्या फळ्या, फळ्यांपुढे पथारीवाले. शेवटी चार वारकऱ्यांनी आजोबांना हातांवर उचललं आणि "माउली, वाट द्या" म्हणत बाहेर आणलं. ते वाचले. दर वेळी वाचतीलच असं नाही. दहा लाखांच्या वर माणूस एका दिवशी ज्या गावात येतो, तिथं गल्ली रुंद नको म्हणणं मला पटत नाही.

---

ओट्यावरचा

ताई, राग कसला. तुम्ही लिहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फळी पुढं सरकवण्यात आमचेही लोक आहेत. यात्रेत ओट्यापुढची वीतभर जागा बाहेरच्या विक्रेत्याला भाड्यानं देणारे आहेत, तेही सांगतो. ते बंदच व्हायला हवं.

पण वाट मोकळी करणं आणि वस्ती उठवणं यांत फरक आहे ना? वर्षातले गर्दीचे दिवस मोजके. त्या दिवसांत फळ्या, हातगाड्या, पथाऱ्या सगळं मागं घ्या, दंड लावा, पहिली फळी मी उचलतो. तिरुपतीला दर्शनाची वेळ ठरवून देतात, तसं इथं पक्कं झालं तर रांगेत अडकलेला माणूस गावात हिंडेल, टेकेल, जेवेल. गल्लीतली कोंडीही कमी होईल आणि आमचाही गल्ला हलेल. एका दगडात दोन्ही कामं होतात. पाडकामाच्या आधी हे करून बघावं, एवढंच मागणं आहे.

---

कवड्यांची_माळ

तुळजापूर. आमचं बांगड्यांचं दुकान, सासऱ्यांपासून.

वर गाडीवाल्यांबद्दल लिहिलंय ते आमच्याकडंही तसंच. पण एक फरक सांगते. बांगडी हातात भरावी लागते. बाई समोर बसते, मी तिचा हात हातात घेते, तेलाचा नाहीतर साबणाचा हात फिरवते, आणि तेवढ्या वेळात तिचं अर्धं आयुष्य कळतं. आईच्या दारात चुडा भरायचा, ही रीत अजून टिकून आहे, म्हणून आम्ही टिकलो. परडी, कवड्यांची माळ, ओटीचं सामान यांचंही तसंच. कोजागिरीला सोलापूरहून चालत येणारी माणसं बघा. पाय सुजलेले असतात, पण बांगड्या भरल्याशिवाय बाई परत जात नाही. चालत येणारा भाविक छोट्या माणसाला जगवतो. चहा तो टपरीवर पितो, केळी पाटीतनं घेतो, चप्पल तुटली तर रस्त्यावरच्या चांभाराकडं शिवतो.

वाईट काळ म्हणजे श्रावण संपून नवरात्र लागेपर्यंतचा. तेव्हा दिवसभरात भवानी, म्हणजे पहिली विक्रीसुद्धा होत नाही. कर्ज त्याच दिवसांत होतं. आमच्या शेजारच्या फुलवालीला पथविक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी स्वनिधी योजनेतनं पहिले १०,००० मिळाले, फेडल्यावर २०,००० मिळाले. त्याआधी ती खासगी सावकाराकडनं रोजच्या रोज व्याजानं पैसे उचलायची. ही गोष्ट चांगली झाली, म्हणून लिहिली.

---

जेजुरीकर_हळद्या

आमचं थोडक्यात. भंडाऱ्यात हळद किती आणि पिवळी पावडर किती, यावर आमची जेजुरी उभी आहे. सोमवतीला भंडारा पोत्यांनी उधळला जातो. खरी हळद महाग, पावडर स्वस्त, भाविक भाव विचारून पुढं जातो. मी सांगलीची हळद आणतो आणि माझा माल शेजाऱ्यापेक्षा कमी खपतो. डोळ्यांत गेल्यावर जळजळ झाली की लोक जेजुरीला नावं ठेवतात, पावडर करणाऱ्याला नाही. सिंहगड_रोड यांच्या आईची माळ वाचली आणि हेच आठवलं.

---

पालखी_रस्त्यावरचा

माळशिरस तालुका. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग, आताचा राष्ट्रीय महामार्ग ९६५, आमच्या भागातून जातो. रस्ता झकास झाला, वारकऱ्यांना चालायला जागा झाली, कुणी नाही म्हणत नाही. माझं चहा-वड्याचं दुकान जुन्या रस्त्याला वडाच्या झाडाखाली होतं. रुंदीकरणात झाड गेलं, दुकानही गेलं. जागा माझी नव्हती, त्यामुळं मागायचं तरी कुणाकडं. एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले, तिथल्या माणसानं वर न बघता सांगितलं की यादीत नाव नाही.

आता गाड्या बाह्यवळणावरून सुसाट जातात. पालखी वर्षातून दोन दिवस गावात असते. त्या दोन दिवसांत आम्ही कमावत नाही, वारकऱ्यांना फुकट चहा देतो, ती आमची सेवा. पोट बाकीच्या दिवसांवर होतं. नवीन रस्त्यालगत मोठी हॉटेलं उभी राहिली. माझा मुलगा त्यांतल्याच एकात वाढप्याचं काम करतो.

---

काळा_कोट

वकिली करतो. वरचं "यादीत नाव नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. म्हणून कायद्यात काय आहे ते सोप्या भाषेत मांडतो.

पहिलं, भाड्यानं बसलेल्या दुकानदारांसाठी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात राहणारा किंवा काम करणारा भाडेकरू, कारागीर, छोटा व्यापारी, ज्याचं पोट त्या जागेवर होतं, तोही त्यात येतो. अशा कारागिराला किंवा छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान २५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे हे मान्य. पण यादीत नाव लागणं ही पुढच्या सगळ्या हक्कांची पहिली पायरी असते. धोका इथं असा की सरकारनं मालकाशी थेट खरेदीचा व्यवहार केला तर भाडेकरूचा विषय बाजूला पडू शकतो. म्हणून बोलणी सुरू असतानाच लेखी हरकत द्या, पोच घ्या.

दुसरं, पथारी आणि पाटीवाल्यांसाठी. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवं. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश महिला. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलं आहे की पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार, म्हणजे विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आलेली जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. देवस्थानाभोवतीचे बाजार पन्नास वर्षं जुने नाहीत, असं कोण म्हणेल? मागणी मात्र करावी लागते, आपोआप काही होत नाही.

ओट्यावरचा, तुमच्याकडे काय कागद आहेत? भाडेपावत्या, वीजबिल, दुकान परवाना?

---

ओट्यावरचा

वकीलसाहेब, तुमचे उपकार. खरं सांगतो, कागद जवळजवळ नाहीत. आजोबांचा आणि वाडेमालकांचा व्यवहार तोंडी. भाडं दर दिवाळीला पाडव्याला हातात. वीज वाड्याच्या मीटरवर. परवाना मध्यंतरी नूतनीकरणाला दिला होता, तो काढायचा राहिला. तीन पिढ्या बसलो आणि आता बसलो होतो हेच सिद्ध करायला काही नाही.

---

निलंग्याची_दिंडी

रामकृष्णहरी माउली. सगळं वाचलं. मी लातूर जिल्ह्यातला, आमच्या गावची दिंडी दर आषाढीला येते. माझे आजोबा यायचे, मग वडील, आता मी विणेकरी.

आमची पद्धत सांगतो. काल्याच्या दिवशी गावासाठी प्रसाद घ्यायचा, तो एकाच दुकानातून. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, घराघरात जाईल एवढा. दुष्काळाच्या वर्षी पैसे कमी पडले तर दुकानदार म्हणायचे, राहू द्या माउली, पुढच्या वारीला द्या. आम्ही पुढच्या वारीला आधी ती बाकी द्यायचो, मग नवा माल. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना पाटी वाचता येत नाही. त्या ओटा ओळखतात. हरवलं कुणी तर त्या ओट्यावर येऊन बसायचं, असं आम्ही निघतानाच सांगतो. २०२२ ला दोन वर्षांनी वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा आमची एक आजी दर्शनाच्या आधी त्या ओट्यावर जाऊन आली. दुकान उघडं आहे का, ते बघायला.

वकीलसाहेब कागद विचारतात. दुकानदार आमच्या बाकीची वही ठेवायचे. आमच्याकडं दिंडीची हिशोबाची वही आहे, त्यात दरवर्षी प्रसादाचा आकडा आणि दुकानाची खूण लिहिलेली असते. ती चालेल का?

---

काळा_कोट

नुसती चालणार नाही, धावेल. वेगवेगळ्या गावांच्या दिंड्यांच्या वह्या, त्यांत वर्षवार नोंदी, त्याच दुकानाची खूण, आणि दुकानदाराच्या वहीतल्या जुळणाऱ्या नोंदी. सोबत दिंडीप्रमुखांचं प्रतिज्ञापत्र. घाऊकवाल्याच्या उधारीच्या नोंदीही जोडा. मूळ वह्या कुणाला देऊ नका, प्रती साक्षांकित करून द्या.

---

ओट्यावरचा

काल रात्री माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. लाल कापडाच्या बांधणीच्या अकरा वह्या निघाल्या. दोन वाळवीनं खाल्ल्यात, बाकी शाबूत आहेत. आजोबा माणसाचं नाव लिहायचे नाहीत, गावाचं लिहायचे. निलंगा, औसा, परतूर, मेहकर, जत, अथणी. नावापुढं बाकी आणि ती फिटली की आडवी रेघ. वडील चष्मा लावून पानं उलटत बसले. सगळ्या नोंदींवर रेघ आहे. न फिटलेली बाकी त्यांना एकही सापडली नाही.

निलंग्याच्या माउली, तुमच्या वहीतली खूण काय आहे ते कळवा. आमच्या ओट्याच्या कोपऱ्याला दगडी वृंदावन आहे. तेच लिहिलेलं असेल तर कार्तिकीला येताना वही घेऊन या. प्रती इथंच काढू, आणि मुक्कामाला घरीच उतरा.